लहान फ्लॅट, एक टीनएजर आणि एक तान्हं बाळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठा पंधरा वर्षांचा, धाकटी आता दहा महिन्यांची, आणि घर म्हणजे एक बेडरूम, हॉल, किचन आणि एकच बाथरूम. धाकटी येणार हे कळल्यापासून ओळखीतले सगळे तेच तेच प्रश्न विचारतायत, काही काळजीने, काही नुसते भोचकपणाने, आणि आता ज्यांच्या घरात अशीच वेळ येऊ घातलीये ते पण विचारायला लागलेत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी डॉक्टर नाही, जिथे डॉक्टरांचं काम आहे तिथे तसं सांगितलंय.

एवढ्याशा घरात चौघं मावता कसे?

मावतो. खरं सांगू का, तान्ह्या बाळाला जागा लागतच नाही, पहिले काही महिने ते जिथे ठेवाल तिथेच असतं. जागा लागते ती बाळाच्या सामानाला, आणि त्याहून जास्त लागते टीनएजरला, आणि नेमकी त्याचीच जागा आपण सगळ्यात आधी उचलतो कारण बाळ रडून मागतं आणि हा काही मागतच नाही.

आमच्याकडे हेच झालं. पहिल्या पंधरा दिवसांत त्याच्या स्टडी टेबलचा खालचा ड्रॉवर डायपरला गेला, मग खुर्चीवर दुपट्यांचा ढीग, मग निम्म्या टेबलावर थर्मामीटर, नखं कापायची कात्री, ड्रॉप्सच्या बाटल्या, आणि दर वेळी मी "दोनच दिवस रे" म्हणायचे. एक दिवस संध्याकाळी कचरा टाकायला दार उघडलं तर हा जिन्यात बसलेला, मांडीवर पुस्तक, पायरीवर वही, आणि जिन्यातला दिवा आपोआप बंद होतो ना थोड्या वेळाने, तो हात हवेत हलवून हलवून परत लावत होता. इथे काय करतोयस विचारलं तर म्हणे "इथे शांत आहे." रागाने म्हणाला असता तर एवढं लागलं नसतं. त्याच रात्री ड्रॉवर रिकामा केला.

मग बेडरूम कोणाला द्यायची?

बहुतेक लोक आईबाबा आणि बाळ बेडरूममध्ये आणि मोठा हॉलमध्ये असं करतात. आम्ही पण तेच केलं होतं आणि पाच आठवड्यांनी उलटं केलं.

का ते सांगते. नवजात बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा दूध पितं, म्हणजे रात्रीतून तीन-चारदा तरी उठणं आलंच, आणि किचन म्हणा बाथरूम म्हणा, सगळीकडे जायचा रस्ता हॉलमधूनच. मी पाणी प्यायला उठले की तो जागा, नवरा डायपर टाकायला उठला की तो जागा, लाईट लावला की तो उशीत तोंड खुपसणार. नावाला त्याला हॉल दिला होता, प्रत्यक्षात तो पॅसेजमध्येच झोपत होता. आता बेडरूम त्याची, आम्ही दोघं आणि बाळ हॉलमध्ये. शिवाय दार. या वयात लावून घेता येईल असं एक तरी दार लागतंच, ते बाथरूमचं असू नये एवढंच.

तोटे पण आहेत, लपवत नाही. रोज सकाळी अंथरूण गुंडाळायचं. आमचे कपडे बेडरूमच्याच कपाटात, त्यामुळे दुसऱ्या दिवशीचे कपडे रात्रीच बाहेर काढून ठेवायचे आणि विसरलो तर दारावर टकटक करायची (हो, आम्ही आमच्याच बेडरूमच्या दारावर टकटक करतो, नवऱ्याला हे पचायला महिना लागला). संध्याकाळी कोणी आलं की बाळाचं झोपायचं गणित कोलमडतं. पण मोठा शाळेत असतो तेव्हा बेडरूम मोकळीच, मग दिवसाच्या झोपा धाकटी तिथे काढते. खोली एक, पाळ्या दोन. हे त्याच्याशी बोलून ठरवलं आणि तो यायच्या अर्धा तास आधी तिचं सगळं तिथून बाहेर, एक लाळेरंसुद्धा मागे नाही.

घरात एकच खोली असेल तर कोपरा तरी ठरवा. पडदा चालतो, कपाटाची पाठ चालते, पण मधे उभं केलेलं कपाट किंवा शेल्फ भिंतीला नाहीतर छताला पक्कं फिक्स करा, वर्षभरात बाळ त्याला धरून उभं राहायला बघणार आहे.

बाळाला टीनएजरच्या खोलीत झोपवलं तर? तेवढीच आमची झोप होईल.

लगेच नको. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०२२ च्या सूचना आहेत, त्यात बाळ निदान पहिले ६ महिने आईवडिलांच्याच खोलीत असावं पण झोपायची जागा वेगळी असावी असं आहे. पाठीवर झोपवायचं, गादी कडक आणि सपाट, आजूबाजूला उशी, जाड पांघरूण, मऊ खेळणी काही नको. लहान घरात मोह होतो की चला बाळाला सोफ्यावर टाकू, मधे उशा लावू, जागा वाचेल. सोफा तर अजिबात नको, त्याच्या फटीत आणि मऊपणात बाळाचा श्वास अडकू शकतो.

आम्ही लहान, चाकांचं बॅसिनेट (टोपलीसारखा छोटा पाळणा) घेतलं, ते हॉलमधून किचनच्या दारापर्यंत जातं. पण ते फार दिवस पुरत नाही हे लक्षात ठेवा, बाळ कुशीवर वळायला किंवा हातावर जोर देऊन उठायला लागलं की बंद. मग पाळणा किंवा क्रिब (चारी बाजूंनी पट्ट्यांचा कठडा असलेला बाळाचा पलंग), आणि क्रिब जुनं कोणाचं घेत असाल तर दोन पट्ट्यांमधलं अंतर ६ सेंटीमीटरच्या आसपास, त्याहून जास्त नको, आणि गादी आणि कडेच्या मधे दोन बोटंही आरामात जात असतील तर ती गादी त्या क्रिबची नाही.

रात्री रडण्याने मोठ्याची झोप मोडते त्याचं काय?

आम्ही एक गंमत केली. एका शनिवारी त्याला विचारलं की रात्री तुला नक्की कशाने जाग येते, यादी काढ. आम्हाला वाटलं वरती "रडणं" असणार. यादी अशी: १. दुपट्याच्या वेल्क्रोचा चर्रर्र आवाज. २. बाथरूमची कडी. ३. बाबा दबक्या आवाजात बोलतात ते. ४. रडणं. दबका आवाज म्हणे पूर्ण आवाजापेक्षा वाईट, कारण कान आपोआप लागतो काय बोलतायत त्याकडे!

मग वेल्क्रोवाली दुपटी फक्त दिवसा, रात्री चेनची. कडीला तेल. बेडरूमच्या दाराखाली जी फट होती तिथे जुन्या चादरीची गुंडाळी. रात्री मोठा लाईट बंद, जमिनीलगत एक मंद पिवळा दिवा, त्याने बाळ पण पूर्ण जागं होत नाही आणि आपली पण झोप उडत नाही. आणि नवऱ्याला सांगितलं की बोलूच नकोस, हातवारे कर.

व्हाइट नॉइजचं, म्हणजे बाकीचे आवाज झाकणारा एकसुरी घुंघुं आवाज काढणाऱ्या मशीनचं, विचारतात बरेच जण. चालतं, पण मशीन मोठ्याच्या दाराजवळ ठेवा, बाळाच्या उशाशी नको. २०१४ मध्ये पीडियाट्रिक्स या जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, त्यात बाळांसाठीची १४ मशीन तपासली आणि फुल आवाजावर ३० सेंटीमीटरवरून सगळीच्या सगळी ५० डेसिबलच्या वर गेली, ही ५० ची मर्यादा हॉस्पिटलमधल्या नवजात कक्षासाठी धरतात. त्यामुळे बाळापासून निदान २ मीटर लांब आणि आवाज कमीत कमी. साधा टेबल फॅनही तेच काम करतो हो. मोठ्याने इअरप्लग वापरले तर वापरू दे, पण मग सकाळचा अलार्म त्याला ऐकू येणार नाही, आमची एक युनिट टेस्ट अशी गेलीये.

आणि उलटं? मोठा बारा बारापर्यंत जागतो, त्याच्या आवाजाने बाळ उठतं.

तो मुद्दाम नाही करत. वयात आलं की झोप आणणारं मेलाटोनिन शरीरात उशिरा तयार व्हायला लागतं, त्यामुळे दहाला झोप म्हटलं तरी त्याला झोप येतच नाही, आणि सकाळी उठवलं तर मेल्यासारखा पडलेला. गरज मात्र त्याला ८ ते १० तासांची असते. म्हणजे घरात एक माणूस जो दिवस-रात्र १४ ते १७ तास तुकड्यातुकड्यात झोपतो आणि ज्याला रात्र कशी असते तेच पहिले दोन-तीन महिने माहीत नसतं, एक माणूस ज्याची रात्र दोन तास पुढे सरकलीये, आणि आपण दोघं मधल्या मधे!

मी एवढंच सांगितलं, दहानंतर माइकवर ओरडून खेळायचं नाही, हेडफोन लाव, टाइप करून भांड काय भांडायचंय ते. आधी तोंड वाकडं झालं, मग जमलं. पण दिवसा घर चिडीचूप ठेवू नका, एक चमचा पडला तर श्श्श करायचं वगैरे, त्याने मोठ्याचा जीव गुदमरतो आणि बाळालाही त्याचीच सवय होते. दिवसा नेहमीचे आवाज असू द्या, धाकटी आता मिक्सर चालू असताना झोपते.

सामान ठेवता कुठे?

कमी घेतो. एवढंच. एक तीन कप्प्यांची ट्रॉली, वरती डायपर आणि वाइप्स, मधे कपडे, खाली औषधं वगैरे (रांगायला लागली तेव्हा औषधं वरच्या कपाटात गेली). बदलायचं टेबल घेतलं नाही, जमिनीवर चटई, तिथून पडायची भीती नाही. आंघोळीचा टब बाथरूमच्या खुंटीला उभा टांगतो. लहान झालेले कपडे त्याच आठवड्यात कोणालातरी, "पुढे कामाला येतील" ही पिशवी आमच्या घरात बंद. ओल्या कपड्यांचा स्टँड मात्र झोपायच्या खोलीत नको, खिडकी बंद असली की भिंती घाम फुटल्यासारख्या होतात आणि कोपऱ्यात बुरशी धरते.

मोठ्याकडून बाळाचं किती करून घ्यायचं?

यावर माझं आणि नवऱ्याचं भांडण झालंय त्यामुळे दोन्ही बाजू सांगते. त्याचं म्हणणं की घरातला आहे, मदत करायलाच पाहिजे. माझं म्हणणं, घरातली कामं जरूर, स्वतःचं ताट, स्वतःचे कपडे, कचरा, दुकानातून काही आणणं, हे बाळ नसतं तरी त्याला करायचंच होतं. पण बाळ हे त्याचं काम नाही, बाळ आणायचं आपण ठरवलं. "जरा बघ रे हिच्याकडे" हे जे आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो ना, त्यात त्याच्या हातात काय आहे हे आपण बघतच नाही. त्याच्या बाजूने त्याला कधीच मोकळं नसण्यासारखं आहे ते, कधीही हाक येणार.

शेवटी तडजोड अशी झाली की रोज एकच ठरलेली वेळ आणि तीही त्याने निवडलेली. त्याने रात्री दहा ते सव्वादहा निवडली, आणि ती बरोबरच निघाली कारण तेव्हा तो ताजातवाना असतो, आम्ही मेलेले असतो आणि पहिले दोन महिने बाळाचं संध्याकाळनंतरचं रडं तेव्हाच टिपेला असायचं. तो तिला खांद्यावर घेऊन हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरायचा, दहा पावलं इकडे दहा पावलं तिकडे, आणि तिला इतिहासाचा धडा वाचून दाखवायचा सपाट आवाजात. ती झोपायची. त्याचं पाठांतरही व्हायचं. मी अंघोळ करून घ्यायचे.

सकाळी सहाला मात्र त्याला उठवून बाळ हातात देऊ नका, ते दोघांनाही धोक्याचं आहे.

आणि या गोष्टी त्याला स्पष्ट, एकदा बसून सांगा, गृहीत धरू नका:

मानेखाली हात हवा. झोप येत असेल तर बाळाला घेऊन सोफ्यावर टेकायचं नाही, लगेच आम्हाला द्यायचं नाहीतर तिच्या जागेवर पाठीवर ठेवायचं, रात्री दोनला असलं तरी आम्हाला उठवायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रडणं थांबत नाहीये आणि डोकं फिरायला लागलं तर तिला सुरक्षित जागी ठेवून दुसऱ्या खोलीत निघून जायचं, पाच-दहा मिनिटं रडली तर काही होत नाही, पण बाळाला गदागदा हलवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, जीवही जाऊ शकतो. हे मी त्याच्यासमोर नवऱ्यालाही सांगितलं आणि स्वतःलाही, म्हणजे त्याला वाटायला नको की त्याच्यावरच संशय आहे.

तो बाळाशी बोलतच नाही / सारखा चिडतो. जळतोय का?

असेल थोडा. पण मोठ्या मुलांचं बरंचसं लाजेचं असतं हे आपल्या डोक्यातच येत नाही. आईबाबांना या वयात बाळ झालं म्हणून वर्गात काय काय ऐकून घेतलं असेल त्याने, मला हे सात महिन्यांनी कळलं, तेही त्याच्या मित्राच्या आईकडून. आम्ही पोट दिसायला लागल्यावर त्याला सांगितलं होतं, ती आमची चूक. कोणी करत असाल तर आधी सांगा, आणि बातमी बाहेर कोणाला कधी सांगायची हे त्याला ठरवू द्या.

बाळाजवळ जा, हिला घे, बघ कशी हसते तुझ्याकडे बघून, असलं काही करू नका. आठवड्यातून एक तास फक्त त्याच्यासोबत, बाळाशिवाय, घराबाहेर, एवढं करा. आम्ही दोघं आळीपाळीने जातो, काही विशेष नसतं, चालतो नुसतं. बोललाच तर विसाव्या मिनिटानंतर बोलतो.

दोन-तीन आठवडे झाले तरी खात नाही, झोपत नाही, मित्रांना भेटत नाही, मार्क एकदम घसरले असं असेल तर मात्र "वयच तसं आहे" म्हणून सोडू नका, शाळेतल्या काउन्सेलरशी किंवा डॉक्टरांशी बोला.

मुलगा समोर असताना दूध कसं पाजायचं?

पाजायचं. पहिल्याच आठवड्यात त्याला सरळ सांगितलं की हे दिवसातून दहा वेळा होणार आहे, तुला अवघडल्यासारखं वाटलं तर तू आत जा, मी उठणार नाही. खुर्ची दाराकडे पाठ करून ठेवली, संपला विषय. मुलांपेक्षा घरी येणाऱ्या मोठ्यांनाच जास्त अवघडायला होतं असा माझा अनुभव आहे.

एकच बाथरूम?

सकाळची वीस मिनिटं त्याची, कोणीही दार वाजवायचं नाही. बाळाची आंघोळ तो गेल्यावर. डायपरचा डबा बाथरूममध्ये नको, झाकणाचा घेऊन दाराबाहेर ठेवा आणि रोज रिकामा करा, नाहीतर त्याचं म्हणणं खरं आहे, वास येतो.

त्याच्या मित्रांना घरी येऊ द्यायचं का?

द्या. बंद केलंत तर तोच बाहेर राहायला लागेल. आमच्याकडे आल्या आल्या साबणाने हात धुवायचे, सर्दी-खोकला-ताप असेल तर यायचं नाही, बाळाची पापी घ्यायची नाही. मुलं ऐकतात, आणि न सांगता चपला व्यवस्थित काढतात. मोठ्याचे आणि आमचे डांग्या खोकल्याचे बूस्टर झालेत का हे डॉक्टरांना आधीच विचारून घेतलं होतं, कारण मोठ्यांना तो साधा खोकला वाटतो आणि तान्ह्या बाळाला तोच फार जड जातो. घरात कोणी आजारी असो नसो, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ डिग्री सेल्सियस (१००.४ फॅरनहाइट) किंवा जास्त ताप आला तर घरी औषध देऊन वाट बघायची नाही, लगेच डॉक्टर.

परीक्षेच्या दिवसांत काय करता?

तो लायब्ररीत नाहीतर मित्राकडे जातो, परत यायची वेळ ठरलेली. मला आधी वाईट वाटायचं की आपलं पोर आपल्याच घरात अभ्यास करू शकत नाही, पण त्याला विचारलं तर त्याला तिथे आवडतं. आदल्या रात्री मात्र मी आणि बाळ माझ्या बहिणीकडे झोपायला जातो. ज्यांना असं घर जवळ नाही त्यांनी निदान त्या रात्रीपुरता नवऱ्याने बाळाला घेऊन बाहेर एक लांब चक्कर मारावी.

मलाच सारखं रडू येतंय, हे नॉर्मल आहे का?

बाळंतपणानंतरचे पहिले काही दिवस रडू येणं खूप जणींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही चालू राहिलं, किंवा स्वतःला किंवा बाळाला काही करावं असे विचार यायला लागले तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. लहान घरात हे लपत नाही, टीनएजरला तर सगळ्यात आधी कळतं. माझ्या वेळी नवऱ्याला सांगणारा मोठाच होता, "आई बाथरूममध्ये नळ सोडून बसते" म्हणून.

हे किती दिवस चालतं? पुढे सोपं होतं का?

रडणं साधारण सहाव्या आठवड्याला सगळ्यात जास्त असतं, मग उतरतं, तीन-चार महिन्यांनी घर बऱ्यापैकी शांत होतं. मग तुम्हाला वाटतं सुटलो. मग बाळ रांगायला लागतं.

आता सगळं त्याच्या वस्तूंवर येतं, कारण तिच्या उंचीवर जे काही आहे ते त्याचंच आहे, चार्जरच्या वायरी, नाणी, इअरफोनचे रबर, पेनाची टोपणं. बटनासारख्या चपट्या बॅटऱ्या तर घरात कुठे कुठे आहेत त्याची शोधमोहीमच काढा, रिमोट, कॅल्क्युलेटर, खेळणी सगळं, गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजते, तशी शंका जरी आली तरी थेट इमर्जन्सीत जायचं. बेडरूमच्या दाराला आता गेट लावलंय, त्याच्या आत त्याचं राज्य, बाहेर तिचं, आणि गेट बंद करायची जबाबदारी त्याची.

रोज रात्री सव्वादहाला ती झोपली की तो हॉलच्या फरशीवर पोटावर आडवा होतो, गाल जमिनीला टेकवून मोबाइलचा टॉर्च सोफ्याखाली मारतो, तिला जे दिसतं ते दिसायला पाहिजे म्हणून. काल एक पिन निघाली, दोन मणी, आणि मार्चपासून हरवलेला डावा इअरबड. तो म्हणाला आधी ही मोहीम काढली असती तर नवीन घ्यावा लागला नसता.